हजेरी, सीसीई आणि निरोप: यंत्राकडे सोपवायला खर्च किती?

धारच्या महाराजा भोज महाविद्यालयात शिकवत असा की देवासच्या कृष्णाजीराव पवार महाविद्यालयात, विद्यापीठ वेगळे असले तरी कारकुनी तीच. धारची महाविद्यालये इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाला जोडलेली, देवासची उज्जैनच्या सम्राट विक्रमादित्य विद्यापीठाला (पूर्वीचे विक्रम विद्यापीठ). प्रवेश, नामांकन, निकाल हे सगळे पोर्टलवर होते. तिथे प्राध्यापकाच्या हाती फारसे नाही. हाती राहते ती हजेरी, सीसीईचे (सतत व सर्वंकष मूल्यमापनाचे) गुण, असाइनमेंट गोळा करणे आणि निरोप धाडणे. एवढ्यासाठी एका विभागाने ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर) विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गूगल फॉर्म आणि शीटला पैसे पडत नाहीत. वैयक्तिक खात्यात १५ जीबी जागा मिळते. वह्यांच्या फोटोंनी ती भरली तर १०० जीबीला महिना सुमारे १३० रुपये. पण आधी प्राचार्यांना विचारा. महाविद्यालयाचे स्वतःचे डोमेन असेल तर गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची मूळ सेवा मोफत मिळते आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा असते.

खरा खर्च यादीचा. एकाच मुलीचे नाव प्रवेश अर्जात हिंदीत, गुणपत्रिकेत इंग्रजीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिसऱ्याच रूपात असते. म्हणून नावावर विसंबू नका, नामांकन क्रमांक धरा. तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवा, नाहीतर शीट सुरुवातीची शून्ये खाऊन टाकते. या साफसफाईला दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवा. यादी स्वच्छ झाली की हजेरीची टक्केवारी एका सूत्रात निघते आणि ७५ टक्क्यांखालची नावे आपोआप लाल होतात.

निरोपांना मात्र मर्यादा आहेत. शीटमधून आपोआप ईमेल पाठवायचे तर वैयक्तिक खात्यावर दिवसाला १०० जणांनाच जातात. १२० मुलांचा वर्ग दोन दिवसांत वाटा. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि निरोप पोचतो तो तुमचा नंबर जतन केलेल्यांनाच. घाऊक एसएमएसला ट्रायच्या नियमाने डीएलटी नोंदणी लागते; ते काम संस्थेचे.

धार जिल्हा आदिवासीबहुल आहे. कुक्षी, डही भागातल्या अनेक घरांत एकच फोन सगळे वापरतात. ‘एकदाच उत्तर’ ही अट घातली की फॉर्म लॉगिन मागतो आणि ही मुले बाहेर राहतात. ती अट काढा, कागदावरचा पर्यायही चालू ठेवा. आधार क्रमांक, जातीचे दाखले फॉर्ममध्ये मागूच नका.

अतिथी विद्वानांनी एक काळजी घ्यावी: शीट विभागाच्या सामाईक खात्यात बनवा. वैयक्तिक खात्यात राहिली तर तुमच्या जाण्याबरोबर वर्गाची वर्षभराची नोंदही जाते.

सूचनांचा मसुदा लिहून घ्यायला एआयची मोफत आवृत्ती पुरते. गुण देणे तिच्याकडे सोपवू नका. मुलाने ‘माझे दोन गुण का कापले?’ विचारले तर उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे.

सुरुवात हजेरीने करा. सीएलसीच्या (महाविद्यालय स्तरावरील प्रवेशाच्या) फेऱ्या चालू असेपर्यंत यादी हलत राहते, म्हणून सूत्रे आधी तयार ठेवा आणि पक्की यादी शेवटच्या फेरीनंतरच भरा.