भेट

(आईवडिलांना भेट देण्याची इच्छा प्रत्येक मुलाला होते. पण काय द्यावे, हे सुचत नाही. नाताळच्या सणाच्या निमित्ताने या पाठात त्याचा विचार केला आहे.)

उर्दूत एखाद्याला भेटणे म्हणजे 'मुलाकात' आणि प्रेमाने दिलेली वस्तू म्हणजे 'तोहफा'. मराठीत या दोन्हींसाठी एकच शब्द आहे - भेट. 'काल मामांची भेट झाली' असे आपण म्हणतो आणि 'मामांनी मला पेन भेट दिले' असेही म्हणतो. मुलांनो, हा शब्द लक्षात ठेवा.

२५ डिसेंबरला ख्रिस्ती बांधव येशू ख्रिस्तांचा जन्मदिवस साजरा करतात. या सणाला आपण नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. येशूंचा जन्म बेथलेहेम येथे झाला, तेव्हा पूर्वेकडून काही ज्ञानी लोक आले आणि त्यांनी बाळाला सोने, ऊद व गंधरस अर्पण केले, असे बायबलात सांगितले आहे.

नाताळच्या भेटींशी संत निकोलस यांचेही नाव जोडलेले आहे. चौथ्या शतकात ते मायरा या नगराचे बिशप होते. हे ठिकाण आज तुर्कस्तानात आहे. एका गरीब बापाला तीन मुलींच्या लग्नाची चिंता होती. निकोलस यांनी रात्रीच्या वेळी, कोणाला न कळता, त्याच्या घरात पैशांची थैली टाकली, अशी कथा सांगतात. लाल कपड्यांतला सांताक्लॉज याच संतांच्या आठवणीतून पुढे आला.

ईदला मोठी माणसे लहानांना ईदी देतात. नाताळलाही लहान मुले भेटीची वाट पाहतात. पण मुलांनी आईवडिलांना काही द्यायचे ठरवले तर? आईवडिलांना विचारावे, तर उत्तर ठरलेले असते, "आम्हांला काही नको. तुम्ही नीट शिका, म्हणजे झाले."

आता आपण वसईला जाऊ. वसई मुंबईच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्यात आहे. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगिजांचे राज्य होते. येथे ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. अनेक ख्रिस्ती कुटुंबे घरात मराठीचीच बोली बोलतात आणि चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना करतात. केळी, भाजीपाला आणि फुले यांच्या वाड्यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. डिसेंबर आला, की घरांवर चांदण्यांचे आकाशकंदील लागतात आणि येशूजन्माचा देखावा मांडला जातो.

समजा, अशाच एका वाडीत एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहतात. दोघांनी वर्षभर मातीच्या गल्ल्यात पैसे साठवले. गल्ला फोडला, तेव्हा ५५० रुपये निघाले.

"ताई, बाबांना शर्ट घेऊ या आणि आईला काचेची फुलदाणी," भाऊ म्हणाला.

"बाबांचा गेल्या वर्षीचा शर्ट अजून कपाटातच आहे," ताई म्हणाली. "आणि आपल्या घरी फुलदाणी ठेवायची कुठे? आपण आधी आठ दिवस नुसते पाहू. त्यांचे कशावाचून अडते, ते शोधू."

दोघे पाहू लागले. वडील पहाटे अंधारात उठत. डोक्यावर फुलांचे ओझे घेऊन स्टेशन गाठत आणि लोकलने दादरच्या फुलबाजारात जात. त्यांच्या जुन्या बॅटरीला रबर गुंडाळलेले होते. ती हातावर आपटली, की पेटे आणि चार पावलांवर पुन्हा विझे. वाटेत एक उघडे गटार होते. भावाने हे प्रथमच पाहिले, कारण त्या वेळी तो रोज झोपलेला असे.

आईचे निराळेच होते. तिला वाचनाची आवड. चर्चमध्ये बायबलातील उतारा वाचण्यासाठी पूर्वी तिलाच बोलावत. पण दोन वर्षे ती काहीतरी कारण सांगून नाही म्हणत होती. घरी प्रार्थनेचे पुस्तक ती हात लांब करून धरी आणि मग ताईकडे देऊन म्हणे, "तूच वाच, तुझा आवाज गोड आहे." ताईला इतके दिवस ते कौतुक वाटत होते. आता तिच्या ध्यानात आले, की आईला अक्षरे दिसतच नाहीत.

वयाच्या चाळिशीच्या सुमारास अनेकांना जवळचे नीट दिसेनासे होते. म्हणून वाचण्याच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' असेही म्हणतात. मात्र चष्मा अंदाजाने विकत घेऊ नये. आधी डोळे तपासून घ्यावेत.

भावाने दीडशे रुपयांची नवी बॅटरी आणली आणि नाताळच्या आदल्या रात्री गुपचूप बाबांच्या टोपलीत ठेवली. आईची भेट मात्र लपवून देता येण्यासारखी नव्हती. त्याआधीच एके दिवशी ताई तिला म्हणाली, "आई, उद्या आपण सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला जाऊ."

"माझे काय अडले आहे? उगीच खर्च कशाला?" आई म्हणाली.

"माझ्या आवाजापेक्षा मला तुझा आवाज ऐकायचा आहे," ताई म्हणाली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने चप्पल घालून निघाली. उरलेल्या पैशांत साधा चष्मा झाला. नाताळच्या रात्री घरच्या प्रार्थनेला ताईने पुस्तक आईच्या हातात दिले. आईने ते जवळ धरले आणि स्पष्ट आवाजात वाचायला सुरुवात केली.

मुलांनो, भेट कोणत्याही सणाची असो, ती निवडण्याची रीत हीच. आईवडील मागत नाहीत, म्हणून त्यांना काही लागत नाही असे समजू नये. ते काय दुरुस्त करून वापरतात, कोणते काम दुसऱ्यावर सोपवू लागले आहेत, कशाची आवड त्यांनी सोडून दिली, हे पाहावे. पैसे नसतील, तर आपला वेळ द्यावा. भेटीसाठी कर्ज काढू नये आणि किमतीची चिठ्ठी वस्तूवर ठेवू नये.

त्या आठ दिवसांत दोन्ही भावंडांची आपल्या आईवडिलांशी खरी भेट झाली. मग कोणती भेट द्यायची, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

शब्दार्थ
ऊद – जाळल्यावर सुगंध देणारा डिंक
गंधरस – झाडापासून मिळणारा सुवासिक चीक
गल्ला – पैसे साठवण्याचे भांडे
मुकाट्याने – काही न बोलता

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीत 'भेट' या शब्दाचे कोणते दोन अर्थ आहेत?
(आ) संत निकोलस कोणत्या नगराचे बिशप होते?
(इ) गल्ल्यात किती रुपये निघाले?

२. कारणे लिहा.
(अ) भावाने वडिलांची जुनी बॅटरी पूर्वी पाहिली नव्हती.
(आ) आई प्रार्थनेचे पुस्तक ताईकडे देत असे.

३. 'अडणे' आणि 'ध्यानात येणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. उपक्रम : आठ दिवस आपल्या आईवडिलांचे निरीक्षण करा. तुम्ही पूर्वी न पाहिलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा.