बक्षीसपत्र आणि पांचवी आज्ञा

वाचावयाचे भाग: निर्गम २०:१२, मार्क ७:९-१३.

कित्येक वृद्ध आईबाप जिवंतपणींच घर व शेत मुलांच्या नांवें करून देतात. पुढें आपणांस कोण जेवूं घालील, हें मात्र कागदावर येत नाहीं.

मार्काच्या ७ व्या अध्यायांत प्रभु परूश्यांस ह्याविषयींच दोष देतो. आईबापांच्या उपयोगाची वस्तु देवास अर्पिली, असें म्हणून त्यांचें पोषण टाळलें जाई. ह्यावरून आम्हांस कळतें कीं, पांचव्या आज्ञेंतील मान म्हणजे केवळ नमस्कार नव्हे. त्यांत अन्न, वस्त्र व औषधही येतें.

सन २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचें २३ वें कलम असें आहे: कायदा लागू झाल्यावर साठ वर्षांवरील मनुष्यानें आपल्या मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर मालमत्ता दिली, आणि घेणाऱ्यानें ती अट मोडली, तर देणाऱ्याच्या इच्छेनें न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवूं शकतें. महाराष्ट्रांत हा अर्ज प्रांताधिकाऱ्यापुढें चालतो. मात्र अशी अट होती हें दाखवावें लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं ठरविलें. म्हणून ती दस्तांतच स्पष्ट लिहवून घ्यावी.

पोटच्या मुलास अट घालणें लज्जास्पद आहे काय? अब्राहामानें मकपेल्याचें शेत सर्वांसमक्ष विकत घेतलें. तो अविश्वास नव्हता, तर व्यवहाराचा चोखपणा होता.

उपदेशकांनीं हें वृद्धांस समजावून सांगावें. आणि मुलांनो, कायदा शेत परत देववील. आईबापांचा आशीर्वाद मात्र कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं.