काय शोधलं, तेही लिही

नाशिक

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. राहुरीला तुझं पीएच.डी.चं काम सुरू झालं, आणि विषयही द्राक्षातल्या रेसिड्यूचा मिळाला, हे वाचून फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी याच कामात गेली, त्यामुळे तुझ्या प्रत्येक ओळीला मला काही ना काही सांगावंसं वाटत होतं. फवारणीची औषधं बनवणाऱ्या कंपनीने देऊ केलेला प्रकल्प घ्यावा का, हे तू विचारलं आहेस. त्यावर शेवटी लिहिते. त्याआधीचं जे लिहिणार आहे, त्यावरच ते उत्तर उभं आहे.

२०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा तू लहान होतीस, पण घरातली चर्चा कानावर पडली असेल. मालात क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त निघालं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ आवरावी आणि काडीत घड तयार व्हावा म्हणून हे संजीवक मारायची पद्धत होती. घड हातात यायच्या कितीतरी महिने आधीची ती फवारणी. ते वेलीत टिकून फळात उतरतं, हे तेव्हा बागेत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. निफाड-दिंडोरीच्या कितीतरी घरांचं ते वर्ष त्यात गेलं. आणि माल जाण्याआधी तपासण्या झाल्या नव्हत्या असं नाही. निर्यातीच्या बागांची नोंद ठेवणारी ग्रेपनेटची व्यवस्था चार-एक वर्षं आधीच उभी राहिली होती, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा प्रयोगशाळांवर देखरेख ठेवत होती, अहवाल दिले गेले होते. ते अहवाल खोटे नव्हते. यादीत जी रसायनं होती, ती तपासली होती. सीसीसी यादीतच नव्हतं.

सापडलं नाही आणि शोधलंच नाही, यांत किती अंतर आहे ते आपल्या जिल्ह्याने तेव्हा पैसे मोजून पाहिलं. मला तुला सांगायचं ते एवढंच आहे. तुझा आकडा वाचणाऱ्याला, तू काय शोधलंस, कसं शोधलंस आणि काय शोधलं नाहीस, हे त्या आकड्यासोबतच कळलं पाहिजे.

आता सीसीसीच्या त्या वेळच्या युरोपीय मर्यादेचा आकडा बघ. किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हे तू पेपरात लिहिशील आणि परीक्षक समजून घेतील. पण बागेच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काही बोध होत नाही. त्याला सांग, की २० टन द्राक्षांत मिळून फक्त १ ग्रॅम. गुणाकार करून बघ, बरोबर तेवढंच येतं. हे ऐकलं की पंप नीट न धुता दुसऱ्या प्लॉटमध्ये का न्यायचा नाही, ते वेगळं समजावावं लागत नाही. सोपं करून सांगितल्याने शास्त्र हलकं होतं असं म्हणणारी माणसं तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. हा गुणाकार त्यांच्या दशांश चिन्हाइतकाच काटेकोर आहे.

तसंच त्या बीएलक्यूचं. अहवालात रसायनाच्या नावासमोर बीएलक्यू छापलेलं असतं आणि शेतकरी ते शून्य म्हणून वाचतो. त्याचा खरा अर्थ असा, की आमचं यंत्र आणि आमची पद्धत जेवढं खात्रीने मोजू शकते, त्याच्या खाली. ती पातळी ०.०१ असेल तर ०.०१ असं तिथेच लिहायला किती शाई लागते? तुझ्या प्रत्येक तक्त्यात ती पातळी लिहिलेली असू दे.

आणि सरासरीला जप. समज, १० प्लॉट आहेत. ९ प्लॉटमध्ये ०.०१ निघालं, एकात ०.२१. सरासरी ०.०३ येते, म्हणजे मर्यादेच्या आत. ‘सरासरी अंश मर्यादेखाली आढळला’ हे तुझं वाक्य अक्षरशः खरं ठरेल. पण ज्याच्या बागेत ०.२१ निघालं, त्याचा माल परत येईल. त्याच्यासाठी तुझी सरासरी काहीच कामाची नाही. दहाही आकडे छाप. जागा नाही असं कुणी म्हणालं, तर प्रस्तावनेतला एक परिच्छेद काढ. देशातल्या द्राक्षलागवडीचं महत्त्व सगळ्यांनाच माहीत आहे.

आकडा नीट कसा मांडावा याचा माझ्या डोळ्यांसमोरचा नमुना आपल्या विषयातला नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं यांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या तयार केल्या, त्यांची सरमिसळ केली, आणि कुंडली पाहून मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या. ५१ जणांनी भाग घ्यायची तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरं आली, आणि बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवलं तरी ५० टक्क्यांच्या आसपास येईल. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे सगळं छापून आलं. त्यात ५१ पैकी २७ हेही लिहिलेलं आहे. ज्यांची उत्तरं आली नाहीत ते मधल्यामध्ये गायब झालेले नाहीत. निकाल कसा ठरवायचा हे कुंडल्या वाटण्याआधीच ठरलं होतं. मोठं यंत्र नाही, परदेशी सहकार्य नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने पहिल्या सहामाहीत तो निबंध वाचायला हवा, मग त्याचा विषय काही का असेना.

मोठ्या यंत्रावरून पैशांचं आठवलं. तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, की खरा संशोधक पैशांवाचून अडत नाही, कापरेकर सरांकडे कुठे ग्रँट होती. हे कुणी तरी तुला ऐकवलं असावं. मला ते अजिबात पटत नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत आपल्या देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १९४६ मध्ये त्यांना ६१७४ ची गंमत सापडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घे, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांड, मोठ्यातून लहान वजा कर, आणि हेच पुन्हा पुन्हा कर. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतेच. त्यांचं जन्मसाल १९०५ घेऊन बघ: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात. चौथीतल्या मुलालाही हा शोध स्वतः तपासता येतो. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. काम मांडावं ते असं, आणि त्याबाबतीत मी त्यांना फार मोठं मानते.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. त्यांनी पुस्तिका पदरमोड करून छापल्या, त्या थोड्यांच्या हाती गेल्या. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी ते काम किरकोळ समजून बाजूला ठेवलं. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं ते मार्च १९७५ मध्ये. तेव्हा सर ७० वर्षांचे होते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेत होते. ज्यांच्या संख्यांना आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात, त्यांना तिशी-चाळिशीत एखादा सहकारी, एखादं ग्रंथालय, छपाईपुरते पैसे मिळाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. त्यांच्या हालांची कौतुकाने गोष्ट सांगून आजच्या मुलांची फेलोशिप थकवायची, हे मला सहन होत नाही. शिवाय त्यांना कागद आणि पेन्सिल पुरायची. तुझं यंत्र कोटींच्या घरात जातं, आणि शुद्ध द्रावकाची बाटली संपली की काम थांबतं.

तेव्हा फेलोशिप उशिरा आली तर मागायला लाजू नकोस. २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे. ती घरभाड्याची आणि जेवणाची रक्कम आहे, बक्षीस नव्हे. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपवरच्या विद्यार्थ्यांना याच पैशांसाठी आंदोलनं करावी लागली आहेत. देश म्हणून आपण संशोधनावर २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्केच खर्च केला, त्यामुळे खालपर्यंत येताना ओढाताण होणारच. ती निमूट सोसण्यात काही मोठेपणा नाही. लेखी अर्ज दे, पोच घे, चौघी-चौघं मिळून जा.

छापण्याच्या घाईविषयी एकच सांगते. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत आलेली नियतकालिकं तपासली, तर सुमारे ८८ टक्के निकृष्ट ठरण्याजोगी निघाली. पैसे भरून पंधरा दिवसांत छापून देणाऱ्याकडे जाऊ नकोस. आता पीएच.डी.साठी पेपर छापलेलाच हवा अशी यूजीसीची सक्तीही २०२२ मध्ये गेली आहे. एक चांगला पेपर पुरे. त्यासोबत दोन पानी मराठी टिपण लिही आणि ज्यांच्या बागेतून नमुने घेतलेस, त्यांच्या हातात दे. लोकांपर्यंत वेळेत पोचलं नाही की काय होतं ते बघ: माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारकडे गेला आणि लोकांपुढे यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती आयोग आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर. मधल्या काळात अफवांनी जागा घेतली. अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा, हा गाडगिळांचा आग्रह होता, आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात राहणाऱ्यांना तो हक्क होताच.

आता कंपनीच्या प्रकल्पाचं. घे. खासगी पैसा आला म्हणून काम बाटत नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या आखणीतही पाच वर्षांच्या ५०,००० कोटींपैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून यावेत अशी अपेक्षा होती, म्हणजे तुमच्या पिढीला हे नेहमीचंच होणार. मात्र सही करण्याआधी करारात तीन गोष्टी आल्या पाहिजेत. त्यांचं औषध जास्त दिवस टिकतं असं निघालं तरी तुला ते छापता येईल. मूळ नोंदी आणि क्रोमॅटोग्राम विद्यापीठाकडे राहतील. आणि कोणते प्लॉट, किती नमुने, काढणीआधी किती दिवस, हे फवारणीच्या आधी कागदावर ठरेल, मागाहून एकही प्लॉट वगळायचा तर कारण लिहून. पहिली अट त्यांना नको असेल तर नम्रपणे नाही म्हण.

गाइडसरांशी हे तोंडी बोलू नकोस, ईमेल कर. त्यांना राग येईल असं मला वाटत नाही. चांगल्या गाइडला विद्यार्थिनीने असं विचारलेलं आवडतं. आणि ते चिडलेच, तर पुढची चार वर्षं कुणाच्या हाताखाली काढायची आहेत, हे तुला वेळेत कळेल. कराराचा मसुदा आला की मला पाठव. वकिली भाषा मला फारशी कळत नाही, पण नमुन्यांचा भाग मी ओळ न् ओळ वाचून देईन.

तुझी,
आत्या