मावठ्यातली घोडी

प्रबोधिनी एकादशीपासून धनुर्मास लागेपर्यंतचे दिवस म्हणजे इंदुरातल्या घोडीवाल्यांची सुगी. रोज रात्री वरात, कधी एकाच घोडीवर एका रात्रीत दोन नवरदेव, कानाशी बँड, पायाशी फटाके, आणि परत ठाणावर यायला पहाटेचे दोन. मग १५-१६ डिसेंबरला सूर्य धनु राशीत जातो आणि सगळं एकदम थांबतं. संक्रांतीपर्यंत मुहूर्त नाही. माणसं पाय पसरून झोपतात. सीझनभर न दुखलेली घोडी आडवी पडते ती नेमकी याच दिवसांत, नाताळच्या मागेपुढे. माझ्या वडिलांच्या वेळेपासून मी हे बघत आलोय.

यात नशिबाचा भाग कमी. काम थांबतं, पण चंदी तेवढीच चालू राहते. पारा उतरतो. आणि याच सुमाराला मावठा येतो. भूमध्य समुद्राकडून निघालेले पावसाळी वारे काश्मीर-हिमाचलवर बर्फ टाकतात, त्यांचंच शेपूट कधीकधी माळव्यावरून फिरतं. शिमल्याला बर्फ पडल्याची बातमी टीव्हीवर आली, की पुढच्या एक-दोन दिवसांत आमच्याकडे ढग येतील का, हे बघून ठेवावं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथली थंडी बऱ्यापैकी बोचते, पण बर्फ नाही. गारा मात्र पडतात, आणि हरभऱ्याचं शेत सकाळी पांढरं दिसतं तेव्हा पोरं मोबाइल घेऊन धावतात.

आमचं घर जुनी इंदूरमध्ये. हाथीपाला, मोती तबेला, पागनीसपागा ही नावं लोक अजून पत्त्यात लिहितात, जनावरं तिथून केव्हाच गेली. आमच्याही घोड्या आता नेमावर रस्त्याकडे एका नातेवाइकाच्या शेतावर असतात. पत्र्याची पागा, समोर सिमेंटचा हौद, कडेला बोअर. ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी धनुर्मास लागून थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळी वारा पडला, रात्री पाऊस, मध्येच गारा. पत्र्यावरचा तो आवाज ऐकून घोड्या रात्रभर ठाणावर नाचत होत्या. सकाळी पाऊस थांबला आणि उत्तरेचा वारा सुटला. भिजलेल्या घोडीला हा वारा कापून काढतो.

दुसऱ्या दिवशी साईसाचा फोन आला, "भैया, चाँदनी ने कल से पानी को मुँह नहीं लगाया." चांदणी आमची नुकरी, गुलाबी कातडीची पांढरीशुभ्र घोडी, वरातीत सगळ्यांत आधी बुक होते ती. मी पोचलो तेव्हा ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती आणि वरचा ओठ मुडपत होती. ठाणाखाली लीद जवळजवळ नव्हतीच. जी होती ती लहान, कडक, वरून चिकट. पोटशूळ.

शेजारच्या मळ्यात आणखी एक घोडीवाला आहे. त्याच रात्री त्याचीही घोडी अशीच झाली होती. त्याच्याकडे आलेल्या एका जाणत्या म्हाताऱ्याने मोहरीचं तेल, ओवा आणि थोडी रम असं बाटलीत घालून, मान वर ओढून धरून, तिच्या घशात ओतलं. माळव्यात हे सर्रास चालतं, आणि करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मान उंच ताणलेल्या घोडीला नीट गिळता येत नाही, आणि तेल श्वासनलिकेत उतरायला वेळ लागत नाही. फुफ्फुसात गेलेलं तेल परत काढता येत नाही. पोट बरं झालं, पण न्यूमोनियाने ती घोडी गेली. वरून दारूने अंगातल्या रक्तवाहिन्या फुलतात, माणसाला ऊब आल्यासारखी वाटते, आणि प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. घोडीच्या बाबतीतही वेगळं काही होत नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही, की बाटलीने काही पाजायचं नाही. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात, आणि नळी बरोबर जागी गेली आहे ना, याची खात्री करून मगच ओततात. आम्ही तेवढं थांबलो.

डॉक्टर येईपर्यंतचा वेळ फार लांब वाटतो. त्या वेळात करण्यासारखं एवढंच: तोंडापुढची चंदी आणि चारा उचलावा, पाणी राहू द्यावं. हळूहळू चालवावं, पण पळवू नये. जुने लोक घामाघूम होईपर्यंत दौडवतात, त्याने आधीच कमी असलेलं पाणी आणखी कमी होतं. घोडी शांत आडवी पडली तर पडू द्यावी, जोराने लोळू लागली तर उठवावी. कुशीला कान लावून आतला गुरगुराट ऐकावा. दोन्ही बाजूंना आवाज असेल तर जिवात जीव येतो, अगदी सामसूम असेल तर डॉक्टरांना परत फोन करून लवकर या म्हणावं. जबड्याच्या खालच्या कडेला नाडी लागते. उभ्या, निवांत घोडीची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली तर प्रकरण गंभीर. हिरड्या गुलाबी आहेत की विटकरी, तेही बघून ठेवावं. हे सगळं फोनवर सांगता आलं, की डॉक्टर येताना काय बरोबर घ्यायचं ते ठरवून निघतो. वेदनाशामक सुई आपल्या मनाने देऊ नये. दुखणं दबतं, घोडी बरी दिसते, आणि आतडं पिळलं असेल तर कळायला उशीर होतो. घोड्याला ओकता येत नाही, हेही विसरू नये. पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, मागे येण्याचा रस्ता निसर्गाने ठेवलेला नाही.

चांदणीला तुंबा होता. पाणी कमी, कोरडा भुसा भरपूर, चालणं शून्य, त्यामुळे मोठ्या आतड्याच्या वळणावर सगळं घट्ट बसलं होतं. नळीने पाणी, मीठ, पातळ पॅराफिन गेलं. रात्र तिच्या पायाशी बसून काढली. पहाटे तिने लीद टाकली तेव्हा साईस आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. एरवी ज्या गोष्टीला आपण नाक मुरडतो, तिच्यासाठी त्या दिवशी नारळ फोडावासा वाटला.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीने कॅनडातून, कॅलगरीहून, फोटो पाठवला होता. त्यांच्या गावाबाहेरच्या एका फार्मवर नुकताच पडलेला बर्फ, कुंपणाशी उभे घोडे, पाठीवर बोटभर पांढरा थर. "मामा, ह्यांना थंडी वाजत नसेल का?" मला आधी दया आली. मग डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, पाठीवरचा बर्फ वितळलेला नाही, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडतच नाहीये. हिवाळ्यासाठी दाट केस आलेला, धडधाकट, पोटभर चारा खाल्लेला घोडा उणे १५ अंशांपर्यंत सहज तग धरतो. आपल्याकडे उबदार हवेत वाढलेल्या घोड्याला पाच अंशांच्या आसपासच जास्तीचं इंधन जाळावं लागतं. केसांच्या मधे कोंडलेली हवा हीच त्याची रजई. कोरड्या बर्फाने ती मोडत नाही. पावसाने केस चिकटले, की रजई गेली. म्हणून आमचा दहा-बारा अंशांतला मावठा त्यांच्या बर्फापेक्षा वाईट. मात्र एका बाबतीत तिकडेही तेच दुखणं: हौदावर बर्फ धरतो, घोडे गार पाण्याला तोंड लावत नाहीत, आणि नाताळच्या सुमाराला तिकडच्या डॉक्टरांचेही फोन पोटशूळासाठी वाजत असतात. ते लोक हौदात विजेचे हीटर बसवतात.

आम्हाला हीटरची गरज नाही. रात्रभर उघड्या हौदात निवलेलं पाणी पहाटे दात आंबवतं, पण बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट असतं. सकाळी मोटर लावून ते बादलीत समोर धरलं, की घोडी पिते. निवांत उभ्या मोठ्या घोडीला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं, आणि चारा कोरडा असेल तर वरची बाजू धरावी. हौदात घोडी किती प्याली ते कळत नाही. म्हणून धनुर्मासात आम्ही हौद सोडून बादलीवर येतो; बादल्या मोजता येतात. सोबत चंदीत दोन चमचे मीठ. तहान लागते. साईसाला पहिला प्रश्न "जेवली का?" हा विचारण्याऐवजी "प्याली किती, लीद कितींदा?" हा विचारावा. दिवसाला आठ-दहा ढीग पडले तर झोपायला हरकत नाही.

चंदीच्या बाबतीत मला घोडीवाल्यांशी भांडावं लागतं. थंडी पडली की हरभरा वाढवायचा, गूळ वाढवायचा, हा सगळ्यांचा हिशोब. पण घोड्याची शेगडी चंदीने पेटत नाही. चारा आतड्याच्या मागच्या भागात, आंधळ्या आतड्यात, आंबतो, आणि त्या आंबण्यातून तासन् तास ऊब निघते. रात्री आठला टाकलेला कडबा पहाटे चारला अंग तापवत असतो. थंडीत गवत-कडबा वाढवा, आणि काम बंद असेल तर हरभरा निम्म्यावर आणा. न आणल्यास दुसराच घोळ होतो: ठाणावर बांधून भरपूर चंदी खाल्लेली घोडी एखाद्या दिवशी बाहेर काढली, की थोडं चालून मागचे पाय ताठ, घाम, लघवी गडद तांबूस. स्नायू फुटतात त्यात. अशा घोडीला एक पाऊलही पुढे नेऊ नये. म्हणून सुट्टीतही रोज अर्धा-पाऊण तास चालवणं हवं. आतड्यांनाही ते लागतं. मावठ्यात भिजलेला चारा मात्र, कितीही महाग पडला असला तरी, बुरशीचा वास आला की फेकावा. वाळवून घालू नये.

१७६०-६१च्या हिवाळ्यात पानिपतावर कोंडल्या गेलेल्या मराठ्यांच्या घोड्यांबद्दल आपण उपासमारीचं वाचतो. थंडीचा आणि त्या उपासमारीचा संबंध चाऱ्याच्या या गणितातून मला नीट कळला. वैरण संपली म्हणजे शेगडीच विझली. पुढे यशवंतराव होळकर ऐन हिवाळ्यात पंजाबात बियासपर्यंत गेले. इंग्रजांशी त्यांचा राजपूरघाटचा तह झाला तो २४ डिसेंबर १८०५ला. इतिहासकार कलमं सांगतात. त्या थंडीत एवढ्या घोडदळाला वैरण कुठून आली, हे कुणी लिहिलं असेल तर मला वाचायचंय.

पागेचं सांगायचं तर, थंडी आली म्हणून चारही बाजूंनी पोती आणि ताडपत्री लावून आत शेकोटी पेटवणं हा आमच्याकडचा दुसरा आवडता प्रकार. धूर आणि मुताचा तिखट वायू कोंडतो, संक्रांतीपर्यंत घोडी ठसकायला लागते. एक बाजू, वाऱ्याकडची, बंद करावी. वरून फट हवीच. जमीन कोरडी ठेवावी. झूल घालायची तर कोरड्या अंगावर, आणि ती श्वास घेणारी. प्लास्टिकचा कागद बांधला तर घोडी आतल्या घामानेच भिजते. ओली झूल असण्यापेक्षा उघडं अंग बरं. भिजलेल्या घोडीला आधी कोरड्या गवताच्या मुठीने, नंतर पोत्याने, केसांच्या उलट दिशेने चोळून काढावं, मुळापर्यंत वाळली की खरारा. नुकऱ्या घोड्यांना तर हे जास्तच, कारण ओल टिकली की पाठीवर खपल्या धरतात आणि केसांचे झुपके निघून येतात. मग खोगीर टेकवणं अशक्य. वरातीसाठी चमक यावी म्हणून नोव्हेंबरात मशीनने केस कापून घेणारेही आहेत. कापा, तुमचा धंदा आहे, पण मग झूल ही हौस राहत नाही, ती तिच्या अंगाची भरपाई असते. आणि रात्री दोनला परतल्यावर शॅम्पूने धुणं बंद करा. मेंदीचे, हळदीचे डाग सकाळी उन्हात निघतात.

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५पासूनचं, इंदुरापासून तासाभराच्या आत. पण तिथे न्यायची वेळ आली तर गाडी लागते, आणि उभ्या घोडीला सुरक्षित नेणारी गाडी मध्यरात्री सापडत नाही. धनुर्मास लागायच्या आत टेंपोवाल्याशी बोलून ठेवा, चढण्यासाठी फळी कुठे ठेवली आहे ते साईसाला दाखवून ठेवा, घोडीला दिवसाउजेडी एकदा चढ-उतार करायला लावा. जवळच्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या एकाचा नंबर पागेच्या भिंतीवर खडूने लिहा. मोबाइलमधला नंबर मालकाकडे असतो, घोडीपाशी साईस असतो.

संक्रांत झाली की मुहूर्त परत सुरू होतात आणि फोन वाजायला लागतात. डिसेंबरात पोटशूळ होऊन गेलेल्या घोडीला पहिल्याच वरातीला जुंपू नये. आधी आठवडाभर नुसतं चालणं, मग थोडा दुडका, मग चंदी हळूहळू मूळपदावर, आणि बँडसमोर उभं करणं सगळ्यांत शेवटी. नवऱ्यामुलाच्या घरच्यांनी चांदणीच हवी म्हणून हट्ट धरला, तर त्यांना तिचं कारण सांगावं आणि ओळखीच्या दुसऱ्या घोडीवाल्याची घोडी ठरवून द्यावी. आलेला अॅडव्हान्सही त्याच्याकडे वळवावा.