नोकरी गेली, आता चर्चलाही जाववत नाही

प्रश्न : मी बोरगावचा. कागलच्या एमआयडीसीतली चौदा वर्षांची नोकरी गेली. प्रार्थना सुचत नाही, चर्चला जायची लाज वाटते.

उत्तर : लाज तुम्ही का बाळगावी? ‘१ राजे’चा १९वा अध्याय काढा. खचलेला एलीया झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत बसत नाही. भाकर-पाणी देतो, झोपू देतो. तेव्हा आधी पोटभर जेवा, झोपा. मग ग्रॅच्युइटीचा अर्ज टाका. तो नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. आणि हातचे काम सुटले म्हणजे सगळे संपले असेही नाही. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. अर्थात त्यांनी ते आपणहून सोडले. तुमचे तसे नाही. रविवारी पाळकसाहेबांना गाठाच. मंडळीत कुणाला ना कुणाला कामाला माणूस हवा असतो. घरात बसलेल्याचे नाव कोण सुचवणार?