अल्प खर्चातील प्रचारसाहित्य : किर्लोस्करवाडीचा धडा

कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत लहान उद्योगांची वाण नाही. हळद, बेदाणा, गूळ, काकवी, कंदी पेढे, स्ट्रॉबेरीचा जॅम, मिरजेची तंतुवाद्ये अशा कितीतरी वस्तू येथे तयार होतात. तथापि यांपैकी पुष्कळसा माल बिननावाच्या पोत्यांतून व्यापाऱ्याकडे जातो आणि तेथे त्याला दुसऱ्याचे नाव लागते. मालाच्या गुणाचा मोबदला मग माल करणाऱ्याला न मिळता नाव लावणाऱ्याला मिळतो. याचे कारण विचारले असता "जाहिरातीला पैसा कोठून आणायचा?" हेच उत्तर बहुधा मिळते.

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ग्राहकाला पटेल असा मजकूर तयार करण्यास पैशापेक्षा मालाची नेमकी माहिती अधिक लागते, आणि ती माहिती उत्पादकाजवळ आधीपासूनच असते. याचा दाखला याच भूमीत, शंभर वर्षांपूर्वी घडलेला आहे.

नांगर आणि मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. पुढे ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. संस्थानची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात.

कारखानदाराला नांगर घडविण्याइतकेच तो खपविणेही कठीण गेले. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत होता. असा समज केवळ "आमचा नांगर उत्तम" या घोषणेने दूर होत नाही. नांगर कसा चालतो, माती किती खोल उलटते, त्यापासून लाभ कोणता, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून द्यावे लागते.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची ओळख ग्राहकांना करून द्यावी, हा त्याचा आरंभीचा हेतू. परंतु वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर त्यात येऊ लागला आणि पाहता पाहता कारखान्याचे हे पत्रक मराठी घरांत आवडीने वाचले जाणारे मासिक झाले. त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली.

प्रत्येक लघुउद्योजकाने मासिक काढावे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या मजकुरातून वाचकाला काही उपयुक्त ज्ञान मिळते तो मजकूर तो राखून ठेवतो, शेजाऱ्याला दाखवितो आणि लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू लागतो. नुसती स्तुती मात्र तो वाचून टाकून देतो. किर्लोस्करवाडीचा धडा हा आहे.

विशेषणे नकोत, तपशील हवा

"उत्कृष्ट, दर्जेदार, एकमेव" हे शब्द कोणत्याही मालाला लागू पडतात, म्हणून ते कोणत्याच मालाची ओळख पटवीत नाहीत. त्यांच्या जागी तपशील घालावा. उदाहरणार्थ, हळदपूड विकणाऱ्या महिला बचत गटाने पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्याच शब्दांत लिहावीत : हळद कोणत्या जातीची? कोणत्या गावच्या रानातली? शिजवली कशी, वाळवली किती दिवस? दळली कोणत्या महिन्यात? घरी कशी साठवावी, म्हणजे रंग व वास टिकेल? ही उत्तरे नीट मांडली की माहितीपत्रकाचा मजकूर जवळजवळ तयार होतो. त्यासाठी बाहेरचा लेखक आणण्याची गरज पडत नाही.

स्थानिक इतिहास हाही असाच बिनखर्चाचा ठेवा आहे. सांगलीजवळच्या हरिपूर परिसरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठविण्याची पद्धत होती. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते २०१० मध्ये मिळाले आहे. कोरेगाव भागातील वाघ्या घेवड्याच्या दाण्यावर वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेघा असतात, म्हणून त्याला ते नाव पडले. असा एखादा तपशील ग्राहकाच्या लक्षात राहतो, आणि दुसऱ्या गावच्या विक्रेत्याला तो उसना घेता येत नाही.

खर्च कोठे करावा, कोठे टाळावा

पैसा थोडा असेल तेव्हा त्याची विभागणी विचारपूर्वक झाली पाहिजे. गुळगुळीत कागद, अनेक रंग, मोठे फलक यांवरील खर्च आरंभी टाळता येतो. तीन गोष्टींत मात्र काटकसर करू नये.

पहिली, मुद्रितशोधन. वेष्टनावरील अशुद्ध शब्द पाहून ग्राहक मालाच्या शुद्धतेविषयीही शंका घेतो. छपाईपूर्वी मजकूर किमान दोघांनी वाचावा, आणि त्यांपैकी एक त्या धंद्यातला नसावा. त्याला जे कळले नाही, ते ग्राहकालाही कळणार नाही.

दुसरी, छायाचित्र. 'खबर'च्या काळी चित्र छापायचे तर ठसा करून घ्यावा लागे. आज साध्या मोबाईलने, सकाळच्या उजेडात, स्वच्छ कापडावर माल ठेवून काढलेले छायाचित्र पुरेसे होते. दुसऱ्याच्या मालाचे चित्र उचलून लावणे मात्र फसवणूक ठरते व कायद्याच्या कचाट्यातही आणते.

तिसरी, एकवाक्यता. एकदा ठरविलेले नाव, अक्षराचे वळण आणि रंग वेष्टन, पत्रक, पावती व मोबाईलवरील संदेश या सर्वांवर सारखेच ठेवावेत. चांगला लिहिलेला एकच मजकूर संक्षिप्त करून वेष्टनावर, सविस्तर करून पत्रकावर आणि वाचून दाखवून प्रदर्शनातील गाळ्यावर वापरता येतो. एका श्रमाचे असे अनेक उपयोग करून घेणे, हीच खरी काटकसर होय.

सत्याची मर्यादा

माल वेष्टनबंद करून विकताना उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती वैध मापन नियमांनुसार द्यावी लागते. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक, घटक पदार्थ आणि शाकाहार-मांसाहाराचे चिन्हही आवश्यक असते. ही माहिती अडचण न मानता मजकुराचा पाया मानावी, कारण चौकस ग्राहक प्रथम तीच वाचतो.

अतिशयोक्ती तर महागच पडते. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हळदीने कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो, असे पत्रकात लिहिणे म्हणजे गटाच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडणे होय. भौगोलिक मानांकनाचे नाव व चिन्ह लावण्यापूर्वी प्राधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घेणेही विसरू नये.

गावाचा सहभाग

हे काम एकट्या उद्योजकावर सोडण्याचे कारण नाही. गावातील मराठीचे शिक्षक मजकूर तपासून देऊ शकतात. शाळेतील चित्रकलेचे विद्यार्थी बोधचिन्हाचे नमुने काढू शकतात, मात्र निवडलेल्या नमुन्याचे श्रेय व योग्य मोबदला त्या विद्यार्थ्याला मिळाला पाहिजे. ग्रामपंचायतीने गावातील उत्पादनांची एक नोंदवही ठेवावी आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. जिल्हा उद्योग केंद्र, 'उमेद' अभियान व कृषी विज्ञान केंद्र यांच्या अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात हिशेबाच्या जोडीला मजकूर लेखनासाठी एक दिवस राखून ठेवावा. त्या दिवसाअखेरीस प्रत्येक गटाच्या हाती छापखान्यात देण्याजोगे एक पान असावे.

यानंतर परीक्षा घेणारा ग्राहकच असतो. कोणते वाक्य वाचून त्याने माल घेतला आणि कोणता प्रश्न त्याने पुन्हा पुन्हा विचारला, हे विक्री करणाऱ्या भगिनींनी टिपून ठेवावे. पुढच्या छपाईत त्या प्रश्नाचे उत्तर घातले, म्हणजे मजकूर आपोआप सुधारत जातो.

लोखंडी नांगराविषयीचा गैरसमज समजावून सांगण्यानेच मागे हटला. आजच्या लहान उद्योगापुढे गैरसमजाची भिंत नसून अनोळखीपणाची आहे. ती ओलांडण्यासाठी लागणारे साहित्य गावातच उपलब्ध आहे. ते खरे लिहिणे, सोपे लिहिणे आणि सातत्याने लिहिणे, एवढे झाले तरी बिननावाच्या पोत्यातून जाणारा माल आपल्या गावाचे नाव घेऊन बाजारात उभा राहील.