मधली जोडी: सत्तीपासून दश्शीपर्यंत

चि. निखिल यास,

लिमिट होल्डेममध्ये हातातली दोन पाने सत्ती, अठ्ठी, नव्वी किंवा दश्शीची जोडी असतील, तर ती मधली जोडी. एक्क्याची किंवा राजाची जोडी कशी खेळायची हे नवशिक्यालाही कळते आणि दुर्रीची जोडी सोडताना कोणाला फारसे वाईट वाटत नाही. पैसे जातात ते मधल्या जोडीत, कारण ती आहे त्याहून मोठी वाटते. फ्लॉपच्या तीन पानांत तिच्याहून वरचे एखादे तरी पान येण्याची शक्यता अठ्ठीच्या जोडीला सुमारे ८७ टक्के, नव्वीच्या ७९ आणि दश्शीच्या ७० टक्के असते.

म्हणून जोडी पाहण्याआधी माणसे मोजावीत. अमेरिकेतल्या कार्डरूममध्ये २-४ डॉलरच्या टेबलावर फ्लॉप पाहायला पाच-सहा जण सहज थांबतात. तिथे मधली जोडी खेळायची ती मुख्यतः सेटसाठी, म्हणजे तिसरे पान जुळावे म्हणून. फ्लॉपवर सेट साधारण साडेआठ डावांत एकदा लागतो. दर वेळी २ डॉलर घालून साडेसात वेळा पाने टाकली, तर १५ डॉलर जातात. समोर पाच जण असतील तर त्यांचे १० डॉलर आधीच पॉटमध्ये असतात. उरलेले पाच आणि सेट हरतो त्या डावांची भरपाई पुढच्या बेटांतून होऊ शकते.

आता तीच जोडी घेऊन एकट्या रेझ करणाऱ्यासमोर कॉल केला, असे समजू. फ्लॉप पाहायला ४ डॉलर लागतात, म्हणजे फसलेल्या डावांचे ३० होतात. पॉटमध्ये त्याचे ४ आणि ब्लाइंडचे ३ मिळून ७ डॉलर. राहिलेले २३ त्या एका माणसाकडून यावे लागतात. पण लिमिटमध्ये तो पुढच्या तीन फेऱ्यांत एकेक बेट देत गेला, तरी १० डॉलरच देतो. नो-लिमिटमध्ये समोरच्याची सगळी चिप्सची रास हाती लागू शकते, इथे नाही. या फरकाकडे दुर्लक्ष करून नो-लिमिटची सवय इथे आणणे महागात पडते. अशा वेळी रेझ करणारा हलक्या पानांवरही रेझ करणारा असेल, तर पुन्हा रेझ करून इतरांना बाहेर काढावे आणि त्याला एकटे गाठावे. तो फक्त भारी पानांवरच रेझ करत असेल, तर सत्ती-अठ्ठी सरळ टाकावी. नुसता कॉल हा बहुधा सर्वांत वाईट पर्याय.

दश्शीची जोडी या गटात वेगळी आहे. आधी कोणी रेझ केले नसेल तर तिच्यावर रेझ करावे, मग माणसे कितीही असोत. शेवटच्या जागांवर बसलेल्याने, सगळ्यांनी पाने टाकली असतील तर, चारही जोड्यांवर रेझ करावे.

फ्लॉपवर राणी, छक्की, तिर्री आली, हातात अठ्ठ्या आहेत आणि सहा जण डावात आहेत. पॉट १२ डॉलर. एकाने २ लावले, दुसऱ्याने कॉल केला. म्हणजे २ डॉलरला १६ मिळतात, आठास एक. पुढच्या पानावर अठ्ठी येण्याचा हिशेब मात्र साडेबावीसास एक. पाने टाकावीत. समोर एकच माणूस असता, तर त्या एका राणीला घाबरायचे कारण नव्हते. जोडी नसलेली दोन पाने फ्लॉपवर सुमारे दोन तृतीयांश वेळा जुळतच नाहीत.

फ्लॉप सत्ती, पंजी, दुर्री असा आला तर अठ्ठीची जोडी सर्वांत वरची, पण नाजूक. बेट लावणारा लगेच उजवीकडे असेल तर रेझ करावे, म्हणजे मागच्यांना राजा-गुलाम घेऊन थांबायला दोन बेटांची किंमत मोजावी लागते. तो लगेच डावीकडे असेल तर रेझ होईपर्यंत बाकीचे एका बेटात आत आलेले असतात आणि मग त्यांना हुसकता येत नाही.

सेट लागला की दडवू नये. या टेबलांवर लोक कॉल करतातच. फ्लॉपपासूनच बेट आणि रेझ करत राहावे.

तुझा,
काका